वाट पाण्याची आणि वाट माणसांची

(सिंहगडाच्या पायथ्याशी भरलेल्या शिक्षक व पंचायत सदस्यांच्या शिबिरात, गड चढण्याच्या आदल्या सायंकाळी एका निवृत्त भूगोल-शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



उद्या पहाटे आपण सारे समोर दिसणारा सिंहगड चढून जाणार आहोत. शिबिराच्या चालकांनी मला गडाविषयी चार शब्द बोलावयास सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा गडाचा इतिहास असावा. परंतु तो आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा कसा जिंकला आणि तेथेच देह कसा ठेवला, हे आपण स्वतःच वर्गावर्गांतून शिकवीत आला आहात. छत्रपती राजाराम महाराजांचे १७०० मध्ये याच गडावर निधन झाले. १८१८ मध्ये गड इंग्रजांच्या हाती गेला. पुढे लोकमान्य टिळक विश्रांतीसाठी येथे येऊन राहत. हे सर्व वर गेल्यावर आपण पाहूच. मी आज बोलणार आहे ते गडाच्या वाटेविषयी. माथ्यावर पोहोचलेल्या माणसाला वाटेची आठवण सहसा राहत नाही, आणि म्हणूनच तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

चढाचे गणित

पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसले आहे. गडाचा माथा सुमारे १,३०० मीटरांवर आहे. शहरातून आतकरवाडीपर्यंत येताना यांतील शंभर-दीडशे मीटर उंची आपल्याला चाकांवर बसूनच मिळते. उरलेली सुमारे ६०० मीटर पायांनी मिळवावी लागते, आणि तीही पावणेतीन किलोमीटरांच्या आत. म्हणजे दर शंभर मीटर चालीमागे सुमारे बावीस मीटर चढ. घाटातील मोटाररस्त्यावर शंभर मीटरांत पाच-सहा मीटर चढ असला तरी आपण तो मोठा मानतो. ही वाट त्याच्या चौपट उभी आहे. गोळेवाडीकडून वर जाणारा मोटाररस्ता हीच उंची गाठतो. परंतु वळणावळणांनी, किती तरी अधिक अंतर घेऊन.

स्कॉटलंडमधील विल्यम नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने १८९२ मध्ये डोंगरातील चालीचा एक साधा हिशेब मांडला. सुमारे पाच किलोमीटर अंतराला एक तास धरावा आणि सुमारे ६०० मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा. आपल्या वाटेला हा हिशेब लावून पाहा. अंतराचा सुमारे अर्धा तास आणि चढाचा एक तास, मिळून दीड तास होतो. धडधाकट माणसाला ही वाट चढावयास साधारण तेवढाच वेळ लागतो, हे मी अनेकदा घड्याळ लावून पाहिले आहे. मात्र हा हिशेब एकट्या माणसाचा आहे. चाळीस मुलांचा वर्ग घेऊन निघालेल्या शिक्षकाने दीड तासाचे दोन, प्रसंगी अडीच तास धरावेत. समूहाची गती त्यातील सर्वांत वेगवान मुलावरून ठरत नाही. ती सर्वांत मागे असलेल्या मुलावरून ठरते.

डोंगराच्या पायऱ्या

उद्या चढताना एक गोष्ट आपल्या लक्षात येईल. वाट सारखी उभी नाही. काही अंतर छातीवर येणारा चढ, मग थोडी सपाटी, पुन्हा चढ आणि पुन्हा सपाटी, असा तिचा क्रम आहे. ही माणसाची योजना नसून डोंगराची घडण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हारस भेगांवाटे बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. त्यातूनच आपले दख्खनचे पठार निर्माण झाले. या थरांत काही घट्ट काळ्या पाषाणाचे आहेत, तर काही सच्छिद्र, लवकर झिजणारे; अधूनमधून गेरूसारखा लाल मातीचा पातळ थरही आढळतो. घट्ट थर कड्यासारखा उभा राहतो आणि मऊ थर झिजून मागे सरतो. म्हणूनच सह्याद्रीच्या डोंगरांना दुरून पाहिले असता पायऱ्या कोरल्यासारख्या दिसतात. भूशास्त्रज्ञ या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव पडले आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे, की हा धडा पुस्तकातून शिकविण्यापूर्वी मुलांना एकदा या वाटेवर आणावे. घट्ट थरावर पाऊल टाकले की खणकन आवाज येतो, तर मऊ थरावर मुरूम सरकतो. पायाने शिकलेला भूगोल विसरत नाही. गडावरील देवटाक्याचे गार पाणी ओंजळीत घेतले, म्हणजे खडक पाणी कसे धरून ठेवतो, हे वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु हेच ज्ञान आणखी एक गोष्ट सांगते. वाट जेथे मऊ थरावरून जाते, तेथेच ती सर्वांत दुबळी असते. तेथे तिला पावलांचे भय आहेच. पण त्याहून अधिक पावसाचे आहे.

जुन्या राज्यकर्त्यांची दृष्टी

ही वाट इतकी अवघड का, असे उद्या कोणी तरी धापा टाकीत विचारील. त्याचे उत्तर ‘आज्ञापत्रा’त आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झालेला आणि रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावाने ओळखला जाणारा हा राजनीतीवरील ग्रंथ. त्यात दुर्गांविषयी स्वतंत्र प्रकरण आहे. गडाकडे येणारे मार्ग सुगम असू नयेत. असले तर ते मोडून तेथे झाडी वाढवावी आणि दुसरीकडून कठीण मार्ग घालावेत, अशा आशयाची शिकवण त्यात दिली आहे. गडाभोवतीची झाडी ही गडाची राखण समजून तिची जोपासना करावी, तीतील काठीही तोडू देऊ नये, असेही तेथे बजावले आहे.

झाडी जपण्याचा हेतू अर्थात युद्धाचा होता. शत्रूला आडोसा, दारूगोळा आणि तोफा सहजी वर नेता येऊ नयेत, हा त्यातील विचार. तथापि त्या आज्ञेचे दुसरे फळ असे, की ज्या उतारावर झाडी टिकली, त्या उतारावर मातीही टिकली. गडाच्या परिसराला ‘घेरा’ म्हणत, आणि उतारांवरील चौक्यांना ‘मेट’. तेथे पिढ्यान् पिढ्या राहणारे मेटकरी गडाची राखण करीत. ‘घेरा सिंहगड’ हे नाव आजही सरकारी दप्तरात गावाचे नाव म्हणून नांदत आहे. तेव्हा आपण उद्या ज्या उतारावरून जाणार आहोत, तो ओसाड डोंगर नसून कोणाचे तरी गाव आहे, हे पहिल्या पावलापासून ध्यानी असावे.

माझी एक चूक

आता थोडे स्वतःविषयी बोलतो. शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतील ही गोष्ट आहे. मी तरुण होतो, चपळ होतो, आणि मुलांसमोर ते दाखविण्याची हौसही होती. आठवीच्या वर्गाला घेऊन गडावर आलो, की वरच्या टप्प्यातील एका वळणावर मी मूळ वाट सोडून सरळ उतारावरून खाली उतरत असे. त्या आडवाटेने पाच-सात मिनिटे वाचत. मुलांना तिचे मोठे अप्रूप. ‘गुरुजींची वाट’ असे तिचे नावच त्यांनी ठेवले होते, आणि मला त्याचा अभिमान वाटे.

एका वर्षी पावसाळा नुकताच सरला होता. उतरताना मी सर्वांत पुढे होतो, कारण पुढे राहणे म्हणजेच नेतृत्व, अशी माझी समजूत होती. मागे चाळीस मुले. आडवाटेच्या मध्यावर एका मुलाच्या पायाखालचा मुरूम सरकला आणि तो पंधरा-वीस फूट घसरत गेला. एका करवंदीच्या जाळीने त्याला अडविले, म्हणून पुढचा अनर्थ टळला. तरीही हाताचे हाड मोडले. मी पुढे होतो. मला हाक ऐकू येऊन मी परत वर चढेपर्यंत, डोक्यावर दह्याची पाटी घेऊन मूळ वाटेने वर जाणारी घेऱ्यातील एक बाई तेथे पोहोचली होती. तिने पाटी खाली ठेवली, आपल्या पदराची झोळी करून मुलाचा हात गळ्यात बांधला आणि आम्हांला मूळ वाटेवर आणून सोडले. जाताना ती एवढेच म्हणाली, “गुरुजी, ही वाट पाण्याची हाय, माणसांची न्हाय.”

मुलाचा हात दीड-दोन महिन्यांत बरा झाला. त्याच्या वडिलांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता, तर मला बरे वाटले असते. परंतु त्या बाईचे वाक्य मात्र माझ्या मनातून गेले नाही. मी भूगोलाचा पदवीधर, आणि डोंगराचा भूगोल मला तिने एका वाक्यात शिकविला होता.

पुढील पावसाळ्यात मी मुद्दाम भर पावसात त्या जागी जाऊन उभा राहिलो. मूळ वाट वळसे घेत, उताराला आडवी जात होती. तिच्यावरचे पाणी ठिकठिकाणी बाजूच्या गवतात उतरत होते. माझ्या आडवाटेवरून मात्र लाल पाण्याचा लोट सरळ खाली धावत होता. तेथे गवत उरले नव्हते, कारण आमच्या पावलांनी ते मारले होते. पहिल्या वर्षी ती आडवाट वीतभर रुंदीची रेघ होती. मी निवृत्त झालो, तेव्हा तेथे कंबरभर खोल घळ झालेली होती, आणि काठावरच्या झाडांची मुळे उघडी पडली होती. त्या घळीत माझाही वाटा आहे. तो मी नाकारीत नाही, आणि म्हणूनच आज हा विषय निवडला.

माती जाते कोठे?

डोंगरावरून गेलेली माती नाहीशी होत नाही. ती फक्त जागा बदलते. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला, तर ते जो दगड हलवू शकते त्याचे वजन दुपटीने वाढत नाही. ते सुमारे चौसष्ट पटींनी वाढते, असा भूगोलातील जुना नियम आहे. सरळ उतरणारी आडवाट आणि वळसे घेत उतरणारी वाट यांतील फरक या एका नियमात सामावला आहे. आडवाट आपली पाच मिनिटे वाचविते आणि पाण्याच्या हाती कुदळ देते.

आता पुढचा प्रवास पाहा. गडाच्या या उत्तर उताराचे पाणी ओढ्यांवाटे डोणज्याच्या बाजूने खडकवासल्याच्या जलाशयात उतरते. मुठा नदीवरील हे धरण एकोणिसाव्या शतकात बांधले गेले. वरच्या अंगास पुढे पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे झाली, आणि पुणे शहराची तहान मुख्यतः या साखळीतून भागते. रविवारी सकाळी गड चढावयास येणारा शहरवासी आडवाटेने घसरत उतरतो. त्याच्या टाचेखालून सुटलेली माती पावसाळ्यात ओढ्यातून ज्या तलावात जाऊन बसते, त्याच तलावाचे पाणी सोमवारी त्याच्या घरच्या नळाला येते. गाळ साठला की तलावात पाण्याला तितकी जागा कमी होते. शहर आणि डोंगर यांचे नाते याहून सोपे करून सांगता येईल, असे मला वाटत नाही.

पंचायत सदस्यांना यांत नवे काही नाही. ‘माथा ते पायथा’ हे मृदसंधारणाचे सूत्र आपण आपापल्या गावच्या पाणलोटात राबविले आहे. धावत्या पाण्याला चालावयास लावावे, चालत्याला थांबवावे आणि थांबलेल्याला जिरवावे, हे आपल्याला पाठ आहे. माझे म्हणणे एवढेच, की शेताच्या बांधाला जो न्याय आपण लावतो, तोच पाऊलवाटेला लावावा. वाट हाही एक बांधच आहे. नीट राखला तर तो पाणी वळवितो. दुर्लक्षिला तर फुटतो.

कोणी काय करावे?

उपदेश करून थांबणे योग्य नव्हे. म्हणून काही साध्या गोष्टी सुचवितो.

पहिली सूचना पंचायतींना. गावाच्या नकाशावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविलेला असतो. आपल्या हद्दीतील पायमार्गांची ती एकेरी रेषा वर्षातून एकदा तरी सदस्यांनी स्वतः चालून पाहावी. आणि तेही कोरड्या दिवसांत नव्हे, पहिल्या मोठ्या पावसात, छत्री घेऊन. पाणी वाटेवर कोठे चढते आणि कोठे उतरते, हे पावसाशिवाय दिसत नाही. जेथे पाणी वाटेवरून धावते, तेथे तिरपे दगड बसवून त्याला बाजूला काढावे. जेथे आडवाट फुटली आहे, तेथे तिची दोन्ही तोंडे काटेरी फांद्यांनी आणि दगडांनी बंद करावीत. दोन पावसाळे पावले थांबली की गवत पुन्हा मूळ धरू लागते. हे काम वनजमिनीवर असेल, तर वनविभागाच्या संमतीने आणि संयुक्त वनव्यवस्थापन समिती असल्यास तिच्या सहकार्याने करावे. गडाचे दरवाजे, तट, बुरूज यांच्या दगडांना मात्र हात लावू नये. ते काम पुरातत्त्व जाणणाऱ्यांचे आहे.

दुसरी सूचना शिक्षकांना. उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी अर्धा चढ संपलेला असावा. प्रत्येक मुलाजवळ पाणी असावे आणि रिकामी बाटली त्याच मुलाबरोबर खाली यावी. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवर, कड्याच्या काठी आणि दरडींच्या खाली मुलांना उभे करू नये. विजा चमकत असतील तर उघड्या माथ्यावर थांबू नये. कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. तेथे धूर, आरडाओरडा आणि दगडफेक पूर्ण वर्ज्य. निघताना, माथ्यावर आणि परतल्यावर, अशी तीन वेळा मुलांची मोजणी करावी. सर्वांत मंद चालणाऱ्या मुलाला सर्वांत पुढे ठेवावे, आणि शिक्षकाने सर्वांत मागे राहावे. मी पुढे होतो, म्हणून पडलेल्या मुलाजवळ माझ्याआधी एक अनोळखी बाई पोहोचली. ती आली नसती तर काय झाले असते, या विचाराने मी पुष्कळ रात्री जागून काढल्या आहेत.

तिसरी सूचना अधिकारी मित्रांना. रस्ता, पूल, इमारत यांची नोंद होते, देखभालीची तरतूद होते आणि पाहणीही होते. पाऊलवाट कोणीच बांधलेली नसते, म्हणून ती कोणाच्याच नोंदीत नसते. परंतु डोंगरी भागात शाळेत जाणारे मूल, दूध घेऊन निघालेला गवळी आणि दवाखान्याची वाट धरलेले आजारी माणूस यांचा पहिला रस्ता हाच असतो. मोठा खर्च नको. वर्षाला आठ दिवसांची देखभाल आणि तिची जबाबदारी कोणावर, एवढे कागदावर ठरले तरी पुष्कळ होईल.

माथ्यावरून

उद्या पुणे दरवाजातून आत शिरल्यावर थोडा श्वास घ्या आणि मग चहूकडे पाहा. हवा स्वच्छ असली तर नैर्ऋत्येच्या बाजूला राजगड आणि तोरणा दिसतील, पूर्वेकडे पुरंदर दिसेल. यांपैकी राजगडाचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांत झाला आहे. त्या मानाने आनंद जितका, तितकीच चिंताही वाटावी. कीर्ती वाढली की पावले वाढतात, आणि पावले वाढली की वाटेवरचा भार वाढतो. सिंहगडाने शहराच्या निकटपणामुळे हा अनुभव फार आधीपासून घेतला आहे. दूरच्या किल्ल्यांच्या पायथ्याशी असलेल्या गावांनी यापासून वेळीच शिकावे.

त्यानंतर उत्तरेकडे वळा. खाली खडकवासल्याचे पाणी चकाकताना दिसेल आणि त्यापलीकडे शहर. वाट मात्र दिसणार नाही. आपण जिच्यावरून आलो, ती झाडीत लपलेली असेल. ती अशी लपलेली राहिली, तर समजावे की डोंगर ठीक आहे. ज्या दिवशी माथ्यावरून तिची लाल रेघ स्पष्ट दिसू लागेल, त्या दिवशी काळजी करावी.

उद्या पहाटे साडेपाच वाजता आपण निघू. ज्यांना चढाचा त्रास होतो, त्यांनी संकोच न करता पुढे उभे राहावे. आपण त्यांच्या पावलाने चालू. उतरताना वरच्या टप्प्यातील त्या वळणावर मी तुम्हांला ती घळ दाखवीन. तिच्या तोंडाशी आपल्यापैकी प्रत्येकाने एक दगड ठेवावा, एवढी माझी विनंती आहे. वाटेवर सुटलेले, हाताने उचलता येतील असे दगड पुष्कळ सापडतात, त्यांतीलच घ्यावेत. वनविभागाची संमती शिबिराच्या चालकांनी घेतली आहे.

आणि मी उद्या सर्वांत मागे असेन.